सगळं हिरवं

३ मार्च, सोमवार

आजपासून मी टीम लीड. कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं, पण खोलीत अप्पा, गॅलरीत शेवंतीकाकू, जिन्यावर पोरं. आमच्या चाळीत मोठ्याने बोललेलं सगळ्या मजल्याचं होतं. म्हणून लिहितेय.

कंपनीने जानेवारीत परळचं ऑफिस सोडलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. ती इमारत आमच्या गॅलरीतून दिसते. कपडे वाळत घालताना बघते, आमच्या जुन्या ऑफिसच्या मजल्यावर आता दुसऱ्याच कुणाचे दिवे असतात. माझं ऑफिस म्हणजे ओटा आणि अप्पांची खाट यांच्यामध्ये उघडलेलं घडीचं टेबल.

काम मोठं आहे. एका पॅथॉलॉजी लॅबच्या मुंबईतल्या सगळ्या शाखांसाठी ॲप. माणसाने घरून रक्त द्यायचं, रिपोर्ट मोबाइलवर यायचा. टीममध्ये तिघं. वरद कोल्हापूरला, प्रिती नागपूरला, उन्मेष सावंतवाडीला. एकालाही प्रत्यक्ष भेटलेले नाही. रघुवीर सर म्हणाले, "नम्रता, माणसं समोर नसली की लगाम जास्त लागतो. तुला जमेल."

अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी आईच्या फोटोकडे बघून मान हलवली. "कांताला आवडलं असतं," एवढंच.

५ मार्च, बुधवार

पहिली मीटिंग. रघुवीर सर बोलत होते आणि मागे अप्पांचा खोकला, मग कुकरची शिट्टी, मग त्यांचा तो ठरलेला प्रश्न, "नमू, चहा टाकू का?" माइक चालू होता. उन्मेष हसला. सर नाही हसले. नंतर म्हणाले, "ऑफिससारखं वातावरण ठेव जरा. लीड आहेस आता."

मीटिंग संपल्यावर अप्पांना नीट समजावलं. मी कानाला हेडफोन लावले की बोलायचं नाही, टीव्ही नाही, ओट्याशी खुडबुड नाही, माझ्या मागून फिरायचं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बरोबर आहे. नोकरी म्हणजे नोकरी. मी आपला खाली जाऊन बसेन, मित्र असतातच."

किती समजूतदार आहेत. उगाच घाबरत होते मी विचारायला.

११ मार्च, मंगळवार

नियम लावले. कॅमेरा चालू ठेवायचा. दिवसातून चार वेळा काम कुठवर आलं ते लिहायचं. प्रत्येक कामासमोर रंग टाकायचा. लाल म्हणजे अडलंय, पिवळा म्हणजे शंका, हिरवा म्हणजे ठीक. आणि मीटिंगमध्ये लांबण नको.

वरदला सवय आहे गोल गोल बोलायची. आज म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं होतं. घरात बऱ्याचदा एकच मोबाइल नंबर असतो ना, आई-बाप, मुलगा सगळ्यांचा मिळून. तर तिथं जरा..."

मी म्हटलं, "वरद, वेळेत होईल का? हो की नाही?"

"तसं होईल, पण..."

"हो की नाही?"

"हो मॅडम."

मी त्याच्या ओळीसमोर हिरवा टाकला. लोकांनी असं सरळ बोललं पाहिजे. सरांचा मेसेज आला, 'छान पकड आहे'. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

१७ मार्च, सोमवार

अप्पा हल्ली सकाळचा डबा घेऊनच बाहेर पडतात, ते दिवेलागणीला येतात. सत्तरीच्या माणसाला एवढे मित्र कुठून मिळाले देव जाणे. रोज नव्या बातम्या. कुणा साताऱ्याच्या बाईला मुलगी झाली. कुणाचं प्लास्टर निघालं. आज येताना इडल्या आणल्या, गरम होत्या, चटणी पांचट. म्हणाले, "कँटीनच्या आहेत." कुठलं कँटीन विचारणार तेवढ्यात प्रितीचा फोन आला.

खोली रिकामी असली की काम बरं होतं. पण दुपारी एकदम घुसमटतं. दार उघडलं तर गॅलरीतला आवाज, बंद केलं तर हवा नाही. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून मीटिंगमध्ये तोही बंद. पाठीला घाम आणि चेहऱ्यावर हसू.

आज तारीख ठरली. चौदा एप्रिल. सर म्हणाले, "सुट्टी आहे, लॅबमध्ये पेशंट कमी असतील, बेस्ट दिवस." मला म्हणता आलं असतं, सर, त्या दिवशी नको. आमच्या घरी त्या दिवशी काय असतं ते त्यांना ठाऊक नसेल असं नाही, सुचलं नसेल. मी म्हटलं, "ओके सर."

अप्पांना सांगितलं. ते इडलीचा पुडा घडी घालत राहिले. म्हणाले, "सकाळी लवकर चैत्यभूमीवर जाऊन येऊ मग. तू नंतर बस." त्यांना काय सांगू, मला त्या दिवशी पहाटेपासून बसायचंय.

२४ मार्च, सोमवार

उन्मेषचा कॅमेरा दोन दिवस बंद. म्हणतो, घरात रेंज नाही, रस्त्यावरच्या पिकअप शेडमध्ये बसून काम करतोय, मागून एसटी जातात, बरं दिसत नाही. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना एकच. दिसायला काय आहे? काम महत्त्वाचं." त्याने कॅमेरा चालू केला. मागे खरंच शेड होती आणि एक म्हातारी त्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावत होती. मी तक्त्यातल्या पुढच्या ओळीवर गेले.

संध्याकाळी अप्पा माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी सरांना काही दाखवायला कॅमेरा चालू केला होता. म्हणाले, "हे काय, आपली भिंत सगळी धूसर दिसते. बाबासाहेबांचा फोटोही दिसत नाही."

मी म्हटलं, "अप्पा, तसं केलं नाही तर नेट स्लो होतं."

"असं होय," म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले.

त्यांना यातलं कळत नाही ते बरंय. टीम मात्र आता छान शांत आहे. मीटिंग भराभर संपते. तक्ता वरपासून खालपर्यंत हिरवा. असा तक्ता सरांना पाठवताना फार बरं वाटतं.

२ एप्रिल, बुधवार

नळावर शेवंतीकाकू म्हणाल्या, "नमू, शामरावांना काय झालंय गं? मी गुडघा दाखवायला मोठ्या हॉस्पिटलात गेले होते, तर ते तिथं ओपीडीच्या बाकावर. परवाही होते, आमच्या जावेनं बघितलं."

कँटीनच्या इडल्या, प्लास्टर, साताऱ्याची बाई. सगळं एका झटक्यात समोर आलं. अप्पांना काहीतरी मोठं झालंय आणि ते माझ्यापासून लपवतायत.

अप्पा तोवर निघून गेले होते. फोन घरीच, नेहमीसारखा उशीखाली. हॉस्पिटल इथून चालत जाण्यासारखं. पण लागोपाठ तीन मीटिंग होत्या, तिसरी लॅबच्या लोकांबरोबर. उठून गेले असते तर जगबुडी झाली नसती. पण उठले नाही. स्क्रीनवर चार चौकोन, एकात मी, हसरी. प्रिती काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. शेवटी तिने विचारलं, "चालेल ना मॅडम?" आणि मी "चालेल" म्हटलं. काय चालेल ते मला अजून माहीत नाही.

संध्याकाळी अप्पांना सरळ विचारलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले आणि भात वाढून घेतला. दोनदा घेतला. आजारी माणूस असा जेवतो का? की मला दाखवायला जेवले?

४ एप्रिल, शुक्रवार

आज गेले. टीमला लिहिलं, 'नेट गेलंय, थोड्या वेळाने येते.' कॅमेऱ्याचा नियम करणारी मी, चपला घालून जिना उतरत होते.

ओपीडीच्या हॉलमध्ये माणसांची झुंबड. अप्पा मधल्या रांगेच्या टोकाला, पंख्याखाली बसलेले. मांडीवर डबा. शेजारच्या बाईचं मूल त्यांच्या खांद्यावर झोपलेलं आणि ती बाई आत डॉक्टरकडे गेलेली. मला बघून ते दचकले. पकडल्यासारखे.

"अप्पा, काय होतंय तुम्हाला? खरं सांगा."

"काही नाही गं. इथं पंखा असतो. पाणी असतं. संडास स्वच्छ असतो. कुणी ऊठ म्हणत नाही. सगळ्यांना वाटतं, असेल याचं कुणीतरी आत."

"आणि ते मित्र?"

"वारले की निम्मे. उरलेले पोरांकडे, विरारला नाहीतर डोंबिवलीला." मूल चाळवलं, त्यांनी थोपटलं. "तुझं ऑफिस आहे ना घरात. मग मी कुठं बसू दिवसभर?"

म्हटलं, "मला सांगायचं ना."

"एकदा सांगायला लागलो होतो. तू विचारलंस, 'बरं चाललंय ना अप्पा?' मी म्हटलं हो, आणि पुढचं बोलणार तोवर तू कानाला ते लावलंस." ते रागावून बोलत नव्हते, तेच वाईट. "मग म्हटलं, बरंच चाललंय."

मी त्यांच्या शेजारी बसले. पंख्याचं वारं लागत होतं. महिनाभरात पहिल्यांदा पाठ कोरडी झाली. ती बाई परत आली, तिने मूल घेतलं आणि मला म्हणाली, "तुमचे वडील फार चांगले आहेत." मी हो म्हटलं.

परत येताना जिन्यात थांबले आणि वरदला फोन लावला. व्हिडिओ कॉल नाही, साधा फोन. आजवर कधी केला नव्हता. विचारलं, "वरद, तुझं काम खरंच बरं चाललंय का?"

"हो मॅडम. हिरवं आहे ना."

"रंग सोड. त्या दिवशी मोबाइल नंबरचं काहीतरी म्हणत होतास."

मागे कुणीतरी गाडी धूत असल्यासारखा पाण्याचा आवाज. मग तो बोलायला लागला, आधी तुटक, मग थांबेचना. एका नंबरवर दोन माणसं असली आणि दोघांचं रक्त एकाच दिवशी गेलं, की कधी कधी एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जातो. नेहमी नाही. म्हणूनच सापडायला अवघड. टेस्टिंगमध्ये आईची साखर मुलाच्या नावावर गेली होती.

"म्हणजे औषध चुकीच्या माणसाला," मी म्हटलं.

"हो मॅडम."

"अरे, मग तू बोलला का नाहीस?"

तो अवघडून म्हणाला, "बोललो होतो, मॅडम."

७ एप्रिल, सोमवार

रघुवीर सरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते हादरतील. ते थकल्यासारखे दिसले. माटुंग्याच्या त्यांच्या घरातली पुस्तकांची भिंत मागे, आणि सर डोळे चोळत.

"किती वेळा होतं असं?"

"सांगता येत नाही सर. तेच तर."

"मग लॉन्च करू, मागाहून दुरुस्त करू. सगळे तेच करतात."

"सर, रक्ताचे रिपोर्ट आहेत."

"नम्रता, तुझा तक्ता महिनाभर हिरवा आहे. मी तोच वर दाखवलाय. माझ्या वरच्याने त्याच्या वरच्याला दाखवलाय. आता मी काय म्हणू? की माझ्या लीडला माहीतच नव्हतं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझं पहिलं प्रोजेक्ट आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. शुक्रवारी क्लायंटची शेवटची मीटिंग आहे, मी बोलेन. तू फक्त हजर राहा."

ते दुष्ट नाहीत. त्यांनाही कुणीतरी हो की नाही विचारलं असणार. पण मला आता जागाच उरली नाही. बोलले तर मी खोटी ठरते, कारण तक्ता माझ्या हातचा. गप्प बसले तर कुणाच्या तरी आईला मुलाचं औषध.

८ एप्रिल, मंगळवार

आज टीमला सांगितलं, मला सगळं खरं हवंय. शेवटी प्रिती म्हणाली, "मॅडम, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्हाला ऐकायचं नाहीये. आम्ही ग्रुपवर तेच बोलत होतो..." त्यांचा वेगळा ग्रुप आहे. मी नसलेला. असणारच. तरी दुपारभर लागून राहिलं.

अप्पांना मी आता घरीच ठेवलंय. बजावून. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसतात, म्हणजे मी कुणाशी बोलतेय ते दिसू नये. खोकला आला तर उशीत तोंड खुपसतात. मी म्हटलं, "खोका हो मोकळेपणी." ते मान हलवतात आणि पुन्हा उशी. दोघं एका खोलीत, एकमेकांचा श्वास मोजत. आधी निदान एक जण तरी मोकळा होता.

११ एप्रिल, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

खाली जयंतीची तयारी, लेझीमचा सराव दुपारपासूनच सुरू. ढोल थेट खोलीत. मी दार लावलं, खिडकी लावली. अप्पा खाटेवर. स्क्रीनवर रघुवीर सर, त्यांचे वरचे दोघं, आणि लॅबच्या प्रमुख डॉ. सुमेधा. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. सरांनी तक्ता दाखवला. हिरवाच. डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे सोमवारी आपण तयार?"

सर म्हणाले, "पूर्ण तयार."

मी माइक उघडला. उघडताच ढोलाचा आवाज सगळ्यांच्या कानात गेला. सर पटकन म्हणाले, "नम्रता, म्यूट कर, बॅकग्राउंडला आवाज आहे."

"आवाज राहणार सर, घर आहे," मी म्हटलं. "डॉक्टर, आपण तयार नाही. एका मोबाइल नंबरवर दोन पेशंट असले तर रिपोर्टची अदलाबदल होऊ शकते. आम्ही ते दुरुस्त केलेलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे केव्हापासून माहीत आहे?"

"टीमला मार्चपासून. मला गेल्या आठवड्यापासून."

"तुमच्या टीमला माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं? ते कसं?"

जे खरं होतं ते बोलले. "ते सांगत होते. मी ऐकून घेत नव्हते."

सर स्क्रीनवरून गेले. चौकोनच नाहीसा झाला. डॉक्टर म्हणाल्या, "सोमवार रद्द. बाकीचं मी तुमच्या वरिष्ठांशी बोलते." त्यांच्या बोलण्यात ना राग ना शाबासकी.

लॅपटॉप मिटला तेव्हा कळलं, अप्पा वळून माझ्याकडे बघत होते. किती वेळ कोण जाणे. "तुझी नोकरी गेली का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," म्हणाले. उठून ओट्यापाशी गेले आणि आवाज करत चहा ठेवला.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी अप्पांबरोबर दादरला जाऊन आले. एवढी गर्दी, तरी तिथे मोकळं वाटलं. माझा हात मात्र सारखा फोनकडे. काही आलं नव्हतं. तीन दिवस कुणीच काही कळवलेलं नाही.

चाळीत परतलो तर मिरवणुकीची गडबड. शेवंतीकाकूंनी खिरीची वाटी दिली. सगळे "जयभीम" करून विचारत होते, "काय नमू, सुट्टी का आज?" मी हो म्हणत होते.

१७ एप्रिल, गुरुवार

नोकरी गेली नाही. लॅबने काम काढून घेतलं नाही, पण अट घातली. लीड हीच राहील, काम पूर्ण होईपर्यंत बदलायची नाही, आणि दर आठवड्याला हिने स्वतः डॉक्टरांना सांगायचं काय बरोबर नाही ते. रघुवीर सर फोनवर म्हणाले, "अभिनंदन. आता तुला यातून सुटता येणार नाही. आणि कंपनी हे विसरणारही नाही." दोन्ही वाक्यं एकाच सुरात.

मला खरं तर वाटत होतं, काढून टाकतील. मनातल्या मनात त्याचीच तयारी झाली होती. थोडे दिवस कुठेतरी पंख्याखाली बसेन, असंही वाटून गेलं होतं. आता पावसाळ्यापर्यंत हेच टेबल.

दुपारी वरदचा फोन. मेसेज नाही, फोन. "मॅडम, मी नोकरी सोडतोय. दुसरीकडचं मार्चमध्येच पक्कं झालं होतं, तेव्हा फार वैताग आला होता. आधी नुसता मेल टाकणार होतो. पण म्हटलं, तुम्हाला सांगावं."

ही दुरुस्ती तोच करू शकतो. थांब रे, असं अगदी ओठांवर आलं. थांबला असता कदाचित. सुरात तेवढी फट होती. मी विचारलं, "तिकडे माणसं बरी आहेत का?"

"माहीत नाही अजून. बघू."

"जाताना सगळं प्रितीला नीट समजावून जा."

"हो मॅडम." मग घाईने, "हा खरा हो आहे."

फोन ठेवल्यावर रडले. कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही. अप्पा गॅलरीत होते.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी बघते तर अप्पांनी डबा भरलेला. मी म्हटलं, "आता कुठे? मी सांगितलंय ना, घरी बसा. टीव्ही लावा. मला चालतं."

"तुला चालतं गं. मलाच नाही चालत." ते डब्याचं झाकण दाबून बसवत होते. "पहिल्यांदा तुझ्यासाठी जात होतो. आता मला तिथं बरं वाटतं. एखादी गावाकडची बाई एकटी आलेली असते, तिला माणूस लागतं शेजारी बसायला. इथं मी काय करतो? तुझ्या पाठीकडे बघतो."

रागच आला. एवढं सगळं झालं, ते काय त्यांनी पुन्हा बाकावर जाऊन बसण्यासाठी? पण काय म्हणणार. त्यांना मी थांबवत होते ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, तेही नक्की सांगता आलं नसतं. म्हटलं, "फोन तरी घेऊन जा." तो मात्र घेतला.

ते चपला घालत असतानाच मीटिंग सुरू झाली. वरदचा चौकोन आता काही दिवसांचाच. उन्मेषचा कॅमेरा बंद, मी काही म्हटलं नाही. पंखा चालू ठेवला. प्रिती म्हणाली, "मॅडम, एक प्रॉब्लेम आहे. मोठा आहे बहुतेक. सांगू का आत्ता?"

"सांग."

ती सांगायला लागली. अडखळत, मागे-पुढे करत. मध्येच थांबून माझ्याकडे बघे, मी अजून ऐकतेय ना म्हणून. मागे अप्पा गेले आणि जाताना नेहमीच्या सवयीने, गॅलरीतला आवाज येऊ नये म्हणून, दार ओढून घेतलं. आतली हवा लगेच जड झाली. दार दोन पावलांवर. उठून उघडावंसं वाटत होतं, पण मी उठले असते तर प्रिती थांबली असती.

बसून राहिले.